सर्व्हरवर टाकलेला रुमाल

फोटोग्राफर या जमातीवर माझा विश्वास नाही, आणि लग्नाच्या फोटोग्राफरवर तर मुळीच नाही. नवरीला 'हसा, हसा' म्हणून रडवतात, म्हाताऱ्या मामाला पंगतीत घास तोंडाशी धरून ताटकळत ठेवतात आणि अल्बम कधी मिळेल असं विचारलं की बेधडक सांगतात, 'आमचं काम झालंय, लॅबवालेच उशीर करतात.' ते लॅबवाले म्हणजे मी. इंदिरानगरात आमची अल्बम छापायची लॅब होती आणि तिथला सर्व्हर मी सांभाळायचे. नाव भाग्यश्री. भाग्य म्हणाल तर ते नावापुरतंच.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. रोलचा जमाना संपून डिजिटल कॅमेरे गावोगाव पोचले होते. आधी कळवण, सटाणा, येवला, मालेगाव इथले फोटोग्राफर फोटोंची सीडी घेऊन एसटीने नाशिकला यायचे. मग एका सीडीतून असा काही व्हायरस आला की आमची सगळी मशिनं आठवडाभर आडवी झाली. शेठने दारावर पाटी लावली, 'सीडी स्वीकारली जाणार नाही.' आणि एक सर्व्हर आणून ठेवला. "आता कोणी यायचं नाही. घरबसल्या फोटो पाठवायचे. एफटीपी!" ही तीन अक्षरं शेठ अशी म्हणायचा की जणू कानात गुरुमंत्र फुंकतोय.

प्रकार साधा होता. फोटोग्राफरने आपल्या कॉम्प्युटरवरून आमच्या सर्व्हरला कनेक्शन जोडायचं, नाव आणि पासवर्ड सांगायचा, जोडप्याच्या नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात फोटो सोडायचे. पण शेठने सर्व्हरचं सॉफ्टवेअर घेतलं होतं फुकटातलं. एका वेळी आठच कनेक्शन. नववा आला की त्याला उत्तर, 'जागा नाही, नंतर या.' शिवाय सगळ्या जिल्ह्याला एकच नाव आणि एकच पासवर्ड, कारण वेगवेगळे दिले तर लक्षात कोण ठेवणार, असं शेठचं म्हणणं. बाजारात स्वतःच्या गाडीची किल्ली गाडीलाच ठेवून येणारा माणूस, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

मी प्रत्येकाला फोनवर घसा फोडून सांगायचे की बाबांनो, दोनशे फोटो असले तरी एकच कनेक्शन घ्या, त्यावरूनच एकामागून एक सोडा, आणि काम झालं की रीतसर निरोप घ्या, म्हणजे दुसऱ्याला जागा मिळेल. ऐकतंय कोण? यांचं पाठवायचं सॉफ्टवेअर घाई करायला चार-चार कनेक्शनं उघडायचं, आणि काम झाल्यावर बंद करायचं कोणी नाव घ्यायचं नाही. त्यात लोडशेडिंग. तिकडे लाइट गेली की यांचा कॉम्प्युटर मरायचा, पण माझ्या सर्व्हरला ते कळायचंच नाही. तो बिचारा जागा धरून वाट बघत बसायचा. 'येतो हं' म्हणून उठलेले पाहुणे दारात अर्धा तास गप्पा मारतात, तसं. घरात नाहीत आणि गेलेलेही नाहीत. मग मी स्क्रीनवर बघून एकेकाला हाताने हाकलायचे. माझी नोकरी म्हणजे दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या लग्नांची धांदल चालू असताना नवसाबाई लॅबमध्ये यायला लागल्या. मखमलाबादला त्यांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा. पहाटे फुलबाजार उरकायचा आणि रिकामी पाटी काखेत मारून थेट आमच्याकडे. लेकीचं, वेदिकाचं, नुकतंच लग्न झालं होतं. नवरा राज, मालेगावचा, घरचा सुताचा व्यापार. स्थळ चांगलं. फक्त एक गोम होती.

"त्यांच्या घरात रीत हाय," नवसाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "नवी सून वर्षभर माहेरी धाडायची नाय. आजेसासू हायेत ना सुलाबाई, त्यांचा नेम. दिवाळी नाय, आखाजी नाय, काय नाय. घर इथं, पोर मालेगावात, अन् मधी रस्ता कसा गुळगुळीत. पण जायचं नाय."

"मग तुम्ही जा की भेटायला."

"एकदा गेले. समदे भवती बसले. चहा पिला, फोटोतल्या माणसावानी एकमेकींकडं बघितलं, अन् आले." त्यांनी पाटी खाली ठेवली. "पोर नाय तर नाय, तिचा फोटू तरी घरात पायजे. बिदाईच्या वक्ताला ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, तो हर्षलनं काढलाय. तेवढा बघितला तरी माझं वरीस निघंल."

हर्षल म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. कळवणला त्याचा स्टुडिओ. आतेबहिणीचं लग्न म्हणून त्याने जीव ओतून फोटो काढले होते. पण आपल्याकडे लग्नात एक फोटोग्राफर कधी असतो का? मुलीकडचा वेगळा, मुलाकडचा वेगळा. मुलीकडच्याच्या अल्बममध्ये व्याह्यांच्या नुसत्या पाठी, मुलाकडच्याच्या अल्बममध्ये नवरीची आई फक्त पदराच्या टोकापुरती. वेदिकाच्या सासूबाई, मालनबाई, यांनी मालेगावचा ज्ञानेश बोलावला होता. संक्रांतीला नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू, सगळी गल्ली येणार, तेव्हा आपला अल्बम टेबलावर हवा, अशी त्यांची सक्त ताकीद. "मुलीकडच्यांचा आधी आला तर स्टुडिओला कुलूप लावून हॉटेल काढ," असं त्या ज्ञानेशला म्हणाल्याचं त्यानेच मला सांगितलं. त्यामुळे तो पेटला होता.

हा ज्ञानेश आयुष्यभर मालेगाव-नाशिक एसटीने फिरलेला. गाडी स्टँडवर लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही विद्या त्याला लहानपणापासून अवगत. एका सकाळी मी लॅब उघडली, सर्व्हर चालू केला, चहाचा कप अजून टेबलावर टेकवला नव्हता, तोच आठही कनेक्शनं भरली. सगळी मालेगावहून. आणि एकावरूनही काही येत नव्हतं. नुसतं थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला बोट लावायचं, 'आहे हं मी, आहे', की सर्व्हर गप्प. मी फोन लावला.

"ज्ञानेश, फोटो कुठे आहेत?"

"अजून निवडतोय ताई."

"मग आठ कनेक्शनं कशाला अडवून ठेवलीस?"

"रुमाल टाकून ठेवलाय," तो शांतपणे म्हणाला. "फोटो तयार झाले की बसतो."

मी त्याचं एक कनेक्शन तोडलं. मी हात मागे घेईपर्यंत तो परत आत. दोन तोडली, दोन आत. त्याने पोराटोरांच्या मदतीने कसलासा प्रोग्रॅम लावला होता, जागा सुटली की आपोआप झडप. तिकडे कळवणहून हर्षलचा फोन, "ताई, सकाळपासून 'जागा नाही' येतंय. आत्या रोज येते ना तुमच्याकडे? मी काय सांगू तिला?"

मी सांगायला नको होतं, पण सांगितलं की मालेगावकराने रुमाल टाकलाय. दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू केला तर आठही कनेक्शनं कळवणची. हर्षल तर माझ्याही आधी उठून बसला होता. त्याचेही फोटो निवडायचे बाकीच होते, पण ज्ञानेशला बसू द्यायचं नाही हे पक्कं. मग रोजची शर्यतच लागली. एक दिवस मालेगाव, एक दिवस कळवण. गाडी पूर्ण भरलेली, सगळ्या सीटवर रुमाल, आणि आत एकही माणूस नाही. येवल्याचा एक फोटोग्राफर मला फोनवर म्हणाला, "बाई, तुमच्या सर्व्हरपेक्षा कबुतर बरं." सिन्नरच्या दुसऱ्याने जे म्हटलं ते मी इथे सांगणार नाही.

आणि रोज सकाळी नवसाबाई. "आला का गं फोटू?" नाही म्हटलं की त्या सर्व्हरच्या त्या काळ्या डब्याकडे बघायच्या, त्यातून काही खुडबुड ऐकू येते का ते कान देऊन ऐकायच्या आणि जायच्या. जाताना माझ्या टेबलावर मूठभर शेवंती ठेवून जायच्या. लाच नव्हती ती, पण तिचं ओझं मात्र लाचेसारखंच चढत होतं. फुलं सुकली की मला कोणीतरी रागावल्यासारखं वाटायचं.

शेवटी मी डोकं चालवलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन नियम घातला: एका ठिकाणाहून फक्त चार कनेक्शनं. पाचवं जोडलं की बाहेर. आणि पाच मिनिटं काही पाठवलं नाही तर तेही बाहेर, मग कितीही बोटं लावा. शेठला सांगितलं तर तो म्हणाला, "हे आधी का नाही केलं?" तो असंच म्हणतो. मी दोघांनाही फोन केला. "आज दुपारी दोघंही या. चार जागा तुझ्या, चार त्याच्या. ज्याचं लवकर होईल त्याचा अल्बम आधी." न्याय झाला. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी कँटीनमधून वडापाव मागवला.

आता पुढचं ऐका. दोघांनी फोल्डर कुठलं केलं असेल? जोडप्याच्या नावाचं, शेठचा नियमच तो. जोडपं एकच. 'राज-वेदिका' हे फोल्डर हर्षलने केलं, आणि ज्ञानेशला ते तयारच दिसलं. त्याला वाटलं मीच करून ठेवलंय, त्याच्या सोयीसाठी. नाव-पासवर्ड सगळ्यांचा एक, म्हणजे कोणी कुणाला अडवण्याचा प्रश्नच नाही. दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे, दोघांनीही लग्नासाठी कोरं कार्ड घातलेलं, म्हणून फोटोंचे नंबरही एकपासून तेच. दोघंही एकाच घरात एकाच दाराने सामान भरत होते, आणि सामानावरची नावंही तीच.

तरीही एकाचं दुसऱ्यावर चढलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण लाइट गेली. कळवणची गेली तेव्हा हर्षलचे चार फोटो अर्धवट आत आलेले. तेवढ्यात ज्ञानेशचं सॉफ्टवेअर त्याच नंबरांवर पोचलं आणि त्याने विचारलं, 'ही फाइल अर्धी आहे. पुढून चालू ठेवू?' ज्ञानेश म्हणाला, हो, आणि परत विचारू नको. मग मालेगावची लाइट गेली, कळवणची आली. हर्षललाही तोच प्रश्न, त्याचंही तेच उत्तर. दिवसभर हे चाललं. एकाने अर्ध्यावर सोडायचं, दुसऱ्याने तिथून पुढे चालू ठेवायचं. मी स्क्रीनवर बघत होते, दोघांचीही आकडेवारी सरकत होती आणि मला वाटत होतं, बघा, शिस्त लावली की कशी सगळी कामं होतात.

संध्याकाळी दोघांचेही फोन आले. "ताई, झालं!" आवाज असे, की जणू दोघंही जिंकलेत. दोघांच्या ऑर्डरी शेठकडे गेल्या. दोन्हीवर 'राज-वेदिका, अल्बम एक.' शेठ म्हणाला, "एकच ऑर्डर दोनदा लिहिलीये, लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि त्याने एक खोडली. मी तोवर घरी निघाले होते.

फोल्डर गेलं गेणूकडे. गेणू आमचा डिझायनर. त्याच्यासारखा इफेक्टवर प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. नवरा-नवरीला हंसाच्या पाठीवर बसवणं, सासऱ्यांच्या मागे बर्फाचे डोंगर लावणं, हे त्याच्या डाव्या हातचे खेळ. त्याने फोटो उघडले तर काय! काही फोटो पूर्ण, पण कितीतरी असे की वरचा अर्धा एक, खालचा अर्धा दुसराच, आणि खालच्याला निळसर छटा. कोणीही भानावरचा माणूस ओरडला असता. गेणू भारावून गेला. "काय डोकं लावलंय पठ्ठ्याने!" तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला. "वरचं रंगीत, खालचं निळं. मुंबईतसुद्धा नाही हे अजून." त्याने कौतुकाने त्या फोटोंना मोठी-मोठी पानं दिली, पूर्ण फोटो कोपऱ्यात टाकले, आणि अल्बम छापून, बांधून, मखमली पेटीत घालून ठेवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ज्ञानेश जीप घेऊन आला. सोबत मालनबाई, काळी साडी आणि हलव्याचे दागिने घ्यायला म्हणून नाशिकला आलेल्या, आणि त्यांच्या मागे वेदिका. खरेदीला सून लागते, त्यावर रीत नव्हती. नेमका हर्षलही त्याच वेळी कळवणहून एसटीने येऊन थडकला होता, आणि नवसाबाई तर होत्याच. वेदिका दारातून आत आली आणि आईला बघून जागच्या जागी थांबली. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या, पण मध्ये विहीणबाई, म्हणून दोघींनीही पदर सारखे केले. मला इतका राग आला की मी स्टेपलर उगाचच दोनदा दाबला.

"कुठाय आमचा अल्बम?" मालनबाई.

"आमचा," हर्षल म्हणाला.

मी पेटी ठेवली. "एकच आलाय. राज-वेदिका." आणि पेटीची कडी काढताना लक्षात आलं की मीही तो पहिल्यांदाच उघडत होते.

पहिल्या मोठ्या पानावर मालनबाई. नथ, पैठणीचा खांदा, चेहऱ्यावर सगळं मालेगाव विकत घेतल्याचा रुबाब. गळ्याच्या खाली मात्र निळसर पंगत, आणि नवसाबाईंच्या चुलतदिराचं पोट, आणि त्यावर टेकलेलं ताट, आणि ताटात जिलब्यांचा डोंगर. बघणाऱ्याला एवढंच दिसावं की मालनबाई तो डोंगर आत्ता फस्त करणार.

"हाई काय शे?" मालनबाईंच्या तोंडून थेट अहिराणीच निघाली.

"इफेक्ट," आतून गेणू म्हणाला.

पुढचं पान. वर हर्षलने काढलेले मुलीकडचे भटजी मंत्र म्हणताना, खाली ज्ञानेशने टिपलेले वरातीत नाचणारे पाय. त्यापुढे वर राजच्या मावश्या, ओळीने गंभीर, आणि खाली मखमलाबादच्या पोरांच्या हाफ पँटी. ज्ञानेश हर्षलकडे बघत होता, हर्षल ज्ञानेशकडे, आणि दोघंही हळूहळू माझ्याकडे. मी छताकडे बघितलं. वेदिकाने तोंडावर रुमाल धरला होता. खांदे हलत होते, रडण्याने नव्हे. मग नवसाबाई फिस्सकन हसल्या. विहिणीसमोर हसायचं नसतं हे त्यांना माहीत होतं, पण हाफ पँटींपुढे माणसाचा इलाज चालत नाही. मालनबाईंनी डोळे वटारले, पान उलटलं, आणि पुढच्या पानावर त्यांना मिशी असती तर ती थरथरली असती असा चेहरा झाला. हसू दाबल्याचा.

मग शेवटचं मोठं पान आलं.

वर वेदिका आईच्या खांद्यावर डोकं टेकून, डोळे मिटलेले, आणि नवसाबाईंचा हात तिच्या केसांवर. हर्षलने काढलेला तोच फोटो. पण तो तिथेच थांबला होता, कमरेच्या वर. खाली ज्ञानेशचा, त्याच रात्री मालेगावच्या दारात काढलेला. उंबऱ्यावर तांदळाचं माप आणि ते ओलांडायला उचललेला वेदिकाचा मेंदीचा पाय. डोकं आईच्या खांद्यावर आणि पाऊल सासरच्या उंबऱ्यात. मध्ये कुठे शिवणही नीट दिसत नव्हती, खालची निळसर छटा तेवढी.

गेणूसुद्धा आतून उठून बघायला आला. नवसाबाईंनी पानावर हात ठेवला आणि तो काढेनात.

"मला एवढाच पायजे," त्या म्हणाल्या. "बाकी समदं तुम्ही न्या, जिलब्या पण न्या."

"असं कसं? हळदीकुंकवाला काय दाखवू?" मालनबाई म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. मग त्या फोटोग्राफरांकडे वळल्या. "आरं, खरे फोटू कुठं हायेत तुमचे? परत काढा छापून. दोघांचे दोन."

ज्ञानेशने मान खाली घातली. "काकू, कार्ड पुसलं. दुसऱ्या दिवशी मनमाडचं लग्न होतं. अन् एकदा सर्व्हरवर चढवल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून काय लोणचं घालायचं, म्हणून तिथलेही काढून टाकले."

हर्षलचा चेहरा मात्र उजळला. "आत्या, काळजी करू नको," म्हणत त्याने खांद्याच्या पिशवीत हात घातला. "मी आपली एक..."

"दादा," वेदिका म्हणाली. इतका वेळ ती बोललीच नव्हती. "तुझ्याकडे कुठलं काय उरलंय? तूच म्हणालास ना, तुझंही कार्ड पुसून वणीचं लग्न काढलंस?"

हर्षल असलं काही म्हणाला नव्हता. त्याचा हात पिशवीत तसाच राहिला. वेदिका त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता, लहानपणी चिंचा चोरताना बघत असेल तशी. पिशवीच्या तोंडाशी एक चकचकीत गोल कडा वर आली होती. ती हळूच परत आत गेली.

"हो," हर्षल म्हणाला. "पुसलं. वणीचं."

"म्हंजे हाच एक," मालनबाई म्हणाल्या.

"हाच एक," मी जोरात सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण लॅबची बाजूही मांडायला हवी.

मग सुरू झाली ओढाताण. मालनबाई म्हणाल्या, हळदीकुंकू उरकलं की मखमलाबादला पाठवून देऊ. नवसाबाई म्हणाल्या, पाठवाल कोणाबरोबर? एसटीच्या पार्सलने? कोपरे मोडतील. राजबरोबर? त्याला दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. ज्ञानेशबरोबर? यावर मालनबाईंनीच ज्ञानेशकडे असं बघितलं की तो बिचारा जीपचे टायर तपासायला बाहेर गेला. आणि राहील किती दिवस? पुन्हा मालेगावात पाहुणे आले, अल्बम मागितला, तर? परत कोण आणणार?

"मी आणू का?" वेदिका म्हणाली. नजर फरशीवर. "हळदीकुंकू झालं की आईकडे पोचवीन. तुम्हाला लागला की परत घेऊन येईन. मग परत..."

मालनबाईंनी अल्बम मिटला, पेटीत घातला, पेटीची कडी लावली, ती नीट लागली का ते पाहिलं.

"सासूबाईंना सांगावं लागंल," त्या म्हणाल्या. "सून माहेरी जात नाय. अल्बम पोचवायला जाती. त्याला काय रीत बांधलेली नाय कोणी." आणि विहिणीकडे न बघताच, "एका दिवसात येवढा जाड अल्बम काय बघून व्हणार? दोन-चार दिवस ऱ्हाईल ती."

नवसाबाई तिथेच, रिकाम्या पाटीवर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. वेदिका धावली. या वेळी कोणी फोटो काढत नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं. दोघी बिलगून बाहेर गेल्या, हर्षल पेटी घेऊन जीपकडे गेला, शेठ आतून 'काय चाललंय' म्हणून डोकावला आणि मी त्याला 'काही नाही' म्हटलं.

मालनबाई परत आल्या. पर्स राहिली म्हणाल्या. पर्स त्यांच्या हातातच होती. त्यांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली.

"त्या कळवणच्या पोराच्या पिशवीत सीडी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मला दिसली."

मी उगाच पावतीपुस्तक चाळायला घेतलं.

"ती घे त्याच्याकडून. अन् कुलपात ठेव. आमच्या म्हाताऱ्या हायेत तवर भायेर काढू नको. माझ्यापुढं पण नाय, मी मागितली तरी नाय. मी बी माणूसच हाय, उद्या सासूगिरी चढंल मला." त्यांनी नथ सारखी केली. "माझं लगीन झालं, दीड वरीस माहेर बघितलं नाय. आई गेली तवा तिचं तोंड आठवना मला, येवढी वाईट गत. पण माझ्या लग्नात फोटूच काढला नव्हता कोणी. मी काय पोचवायला जाणार व्हते?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मालनबाई वळल्या आणि 'आले, आले' असं ओरडत, पुन्हा पहिल्यासारख्याच रुबाबात, पायऱ्या उतरून गेल्या. मी दारात जाऊन हर्षलला हाक मारली आणि त्याच्या पिशवीसमोर हात पुढे केला.